झूमवरची व्याख्यानमाला आणि आगंतुक पाहुणे: प्रकल्प नोंदी

५ मार्च

वाचनालयाची पाच व्याख्यानं, २२ ते २६ एप्रिल, रोज संध्याकाळी ६:३०. श्रोते तीन तऱ्हेचे: गावातले ज्येष्ठ सभासद, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेले, आणि थोडे दुबई, लंडन, न्यू जर्सीचे. एप्रिलमध्ये भारतातले ६:३० म्हणजे दुबईत ५, लंडनमध्ये दुपारचे २ आणि न्यू जर्सीत सकाळचे ९. पत्रिकेत चारही वेळा छापायच्या.

खातं झूम प्रो, महिन्याच्या हप्त्यावर. फुकट खात्यावर ४० मिनिटांत मीटिंग तुटते हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यापेक्षा मोठी अडचण अशी की फुकट खात्यावर नोंदणीची सोय नाही आणि को-होस्ट (होस्टच्या जोडीनं मीटिंग सांभाळणारा) नेमता येत नाही, आणि या दोन गोष्टींवाचून पुढचं काहीच शक्य नाही. प्रोची मर्यादा १०० जणांची आहे.

आजवरची रीत बदलायची आहे. पोस्टरवर झूमची लिंक, खाली आयडी (मीटिंगचा क्रमांक), त्याखाली पासवर्ड, आणि ते पोस्टर चाळीस व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत. ही किल्लीसकट कुलूप वाटायची पद्धत झाली.

७ मार्च

न बोलावता मीटिंगमध्ये घुसून गोंधळ घालणाऱ्यांचा बंदोबस्त करायचा, तर आधी रोग कुठला ते ठरवायचं, कारण पासवर्ड लावला की झालं, असं समितीतल्या निम्म्या लोकांना वाटतं.

मार्च २०२० मध्ये हा त्रास जगभर एकदम उसळला. डिसेंबर २०१९ ला झूमच्या मीटिंगांत दिवसाला जास्तीत जास्त साधारण १ कोटी हजेऱ्या लागत होत्या, मार्च २०२० मध्ये तो आकडा २० कोटींवर गेला. ३० मार्चला अमेरिकेत एफबीआयच्या बॉस्टन कार्यालयानं शाळांच्या वर्गांत शिरणाऱ्यांबद्दल इशारा दिला, १६ एप्रिलला आपल्या केंद्रीय गृह मंत्रालयानं सूचनापत्र काढलं. त्या काळी आयडी चाचपून घुसणं खरोखर सोपं होतं. आयडी ९ ते ११ अंकी, पासवर्ड सक्तीचा नाही. आकडे फिरवत बसणारं एक स्वयंचलित साधन तासाला सुमारे १०० मीटिंगा शोधून काढत होतं. पुढे पासवर्ड आला तो ६ अंकी, म्हणजे १० लाख शक्यता. चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादाच नसल्यानं तोही काही मिनिटांत फोडता येतो, हे अशा त्रुटी शोधणाऱ्या टॉम अँथनी यांनी दाखवलं आणि झूमनं ते भोक एप्रिल २०२० मध्येच बुजवलं. त्याच महिन्यात पासवर्ड आणि प्रतीक्षा कक्ष (होस्टनं आत घेईपर्यंत थांबायची जागा) बहुतेक खात्यांवर आपोआप चालू झाले.

म्हणजे बाहेरून चाचपणाऱ्याचा बंदोबस्त बराचसा झाला. उरला घरचा भेदी. बॉस्टन आणि बिंगहॅम्टन विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०२० मधली 'या मीटिंगवर तुटून पडा' अशी आवाहनं गोळा करून तपासली. त्यातली बहुतेक आवाहनं मीटिंगला रीतसर निमंत्रण असलेल्यांनीच टाकलेली निघाली, विशेषतः शाळा-कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनी. लिंक त्यांनीच दिली, पासवर्डही त्यांनीच. काहींनी तर आत येताना वर्गातल्या कुणाचं नाव लावायचं तेही सांगितलं. अशा वेळी पासवर्ड काय, प्रतीक्षा कक्षही फसतो. संशोधकांचा उपाय एकच: प्रत्येकाला वेगळी लिंक. प्रकल्पाचा पाया हाच धरला आहे.

आपल्याकडे बहुधा वाईट हेतू नसतो. काका कौतुकानं 'चांगला कार्यक्रम आहे' म्हणून पुढे पाठवतात, तो संदेश चौथ्या हातात कुठे जातो ते काकांना कळतही नाही. परिणाम मात्र तोच.

१० मार्च

श्रोत्यांची विभागणी ठरली. ज्यांना फक्त ऐकायचं आहे त्यांच्यासाठी यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांच्यासाठी नोंदणी करून झूम. पोस्टरवर यूट्यूबची लिंक बिनधास्त छापायची, ती लाख ग्रुपांत जावो. यूट्यूबच्या बाजूनं कुणाला बोलता येत नाही, आपला पडदा दाखवता (स्क्रीन शेअर करता) येत नाही. तिथली थेट गप्पांची खिडकी बंद ठेवली की उपद्रवाला वावच नाही.

दोन खबरदाऱ्या. वाहिनीवर थेट प्रक्षेपण पहिल्यांदा चालू करताना २४ तासांपर्यंत थांबावं लागतं, म्हणून ते आजच चालू केलं; कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी हे आठवून उपयोग नाही. दुसरं, झूममध्ये कुणी अश्लील काही दाखवलं तर ते यूट्यूबवर जसंच्या तसं जाईल आणि वाहिनीवर कारवाई होईल. म्हणून व्याख्यात्यांना कायम 'स्पॉटलाइट'वर ठेवायचं. म्हणजे मध्येच कुणी खाकरलं तरी चित्र त्याच्यावर उडी मारत नाही.

१४ मार्च

झूमवर मीटिंग तयार केली. पर्सनल मीटिंग आयडी वापरला नाही. तो कायमचा असतो, एकदा बाहेर पडला की घराचा पत्ता फुटल्यासारखं. नोंदणी लावली की झूम तो वापरूही देत नाही.

पाच स्वतंत्र मीटिंगा की एकच पाच दिवसांची मालिका, यावर बराच खल झाला. स्वतंत्र ठेवल्या तर एक फुटली तरी उरलेल्या चार शाबूत राहतात. पण पाच वेळा नोंदणी, पाच लिंका, आणि चौथ्या दिवशी सत्तरीतले सभासद पहिल्या दिवसाची लिंक दाबून बसणार. मालिकाच ठेवली: एकदा नोंदणी, पाचही दिवस तीच लिंक. ज्याची लिंक फुटेल त्याची एकट्याची नोंदणी रद्द करता येते, लिंक तिथेच मरते, बाकीच्यांना धक्का लागत नाही. हा सौदा परवडतो.

मंजुरी हातानं द्यायची, आपोआप नाही. अनेक यंत्रांवरून एकाच लिंकनं येण्याची परवानगी काढली. अर्जात नाव आणि ईमेलशिवाय दोनच प्रश्न: गाव कुठलं, आणि कार्यक्रमाचं कुणाकडून कळलं. दुसरा प्रश्न निरुपद्रवी दिसतो, पण गाळणी म्हणून उत्तम आहे. खरा माणूस लिहितो 'वहिनींनी सांगितलं' किंवा 'फलकावर वाचलं'. टवाळखोर तिथे 'एबीसी' लिहितो.

१८ मार्च

ईमेलवर गाडी अडली. झूमच्या नोंदणीला प्रत्येकाचा वेगळा ईमेल लागतो आणि ज्येष्ठ सभासदांपैकी अनेकांचा ईमेल म्हणजे नातवानं फोन घेताना काढून दिलेला, पासवर्ड कुणालाच ठाऊक नसलेला.

तोडगा जीमेलमध्येच आहे. आपल्या पत्त्यात '@'च्या आधी अधिकचं चिन्ह आणि आकडा घातला तरी पत्र मूळ पेटीतच येतं. वाचनालयाच्या एकाच जीमेलवर '+०१', '+०२' असे (आकडे अर्थात इंग्रजी) पत्ते करून सभासदांची नोंदणी कार्यालयातूनच केली. झूमच्या लेखी ते वेगवेगळे पत्ते. पुष्टीची पत्रं एकाच पेटीत येतात, त्यातली ज्याची त्याची लिंक ज्याला त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर वैयक्तिक पाठवायची. ग्रुपवर नाही! खाली एक ओळ: 'ही लिंक फक्त तुमच्या नावाची आहे. घरात दुसऱ्या फोनवर ऐकायचं असेल तर वेगळी मागून घ्या.'

'पुढे पाठवू नका' अशी सूचना लोक वाचत नाहीत. 'फक्त तुमच्या नावाची' हे मात्र वाचतात.

२२ मार्च

झूमच्या वेब पोर्टलवरची, म्हणजे संकेतस्थळावरची, सेटिंगं. मोबाइल अ‍ॅपमध्ये यातली निम्मी दिसतच नाहीत, त्यामुळे संगणकावर बसूनच करायची. सेटिंग बदललं की आधीच ठरवून ठेवलेली मीटिंगही उघडून पुन्हा तपासायची. पासवर्ड, प्रतीक्षा कक्ष वगैरे तिच्यावर जुनेच राहिलेले असू शकतात.

होस्टच्या आधी प्रवेश: बंद. प्रतीक्षा कक्ष: सगळ्यांसाठी. काढून टाकलेल्याला परत प्रवेश: बंद. पडदा दाखवणं: फक्त होस्ट. फाइल पाठवणं, रिमोट कंट्रोल: बंद. आत येताच माइक बंद, आणि स्वतःहून माइक उघडण्याची मुभाही बंद. प्रश्नोत्तरांच्या वेळी हात वर करणाऱ्यालाच बोलायला सांगायचं. व्हिडिओ स्वतः सुरू करण्याची मुभा बंद. चॅट फक्त होस्ट आणि को-होस्टशी.

हमखास सुटणाऱ्या तीन गोष्टी वेगळ्या लिहून ठेवतो.

पहिली, अ‍ॅनोटेशन. व्याख्याते स्लाइड दाखवत असताना श्रोत्यालाही त्या स्लाइडवर रेघोट्या मारता येतात. त्याला पडदा दाखवायची परवानगी नसली तरी हे जमतं. सगळी कुलपं लावूनही ज्ञानेश्वरीच्या ओवीवर कुणीतरी भलतंसलतं चित्र काढलं म्हणजे ही खिडकी उघडी राहिलेली असते. पोर्टलवर अ‍ॅनोटेशन पूर्ण बंद केलं.

दुसरी, प्रोफाइल फोटो. व्हिडिओ बंद असला की त्या चौकटीत फोटो दिसतो आणि तोच घाणेरडा असू शकतो. मीटिंगमध्ये होस्टला दिसणाऱ्या 'होस्ट टूल्स' या यादीतून सगळ्यांचे प्रोफाइल फोटो एकदम लपवता येतात.

तिसरी, नाव बदलणं. आत येताना सभ्य नाव आणि पाच मिनिटांनी त्याच जागी शिवी. स्वतः नाव बदलायची मुभा काढली. कुणाचं चुकलं असेल तर प्रतीक्षा कक्षाच्या दारावरचा माणूस बदलून देईल.

२९ मार्च

दाराची चाचणी, २५ जणांवर. इथे खरं काम किती आहे ते कळलं.

प्रतीक्षा कक्षात नावं आली ती अशी: 'रेडमी नोट', 'गॅलेक्सी', 'आयफोन', 'आईचा फोन', 'एसपीके'. यादीशी जुळवायचं काय? त्यातच एक 'अमुक यांचा नोटटेकर' असा पाहुणा. हा माणूस नव्हे, बैठकीचं टिपण काढणारा एआयचा बॉट. ज्याच्या कॅलेंडरला तो जोडलेला आहे त्याच्या मागोमाग येतो, कधी कधी मालकाच्याही आधी. बॉट आत घ्यायचा नाही, अपवाद नाही. तो आवाज आणि शब्द कुठल्या कंपनीच्या यंत्रावर नेतो ते श्रोत्यांना विचारलेलं नसतं.

दुसरी अडचण लिपीची. यादी देवनागरीत, झूमवरची नावं बहुतेक रोमनमध्ये. शोध चालत नाही. रोमनमध्ये केली तरी वाघमारे 'व्ही'नंही लिहितात आणि 'डब्ल्यू'नंही. शेवटी यादीत तीन रकाने केले: रोमन नाव, देवनागरी नाव, गाव. शोध आडनावाच्या पहिल्या अक्षरावर नाही, मधल्या चार अक्षरांवर घ्यायचा. 'ghma' शोधलं की दोन्ही सापडतात.

एक नाव जुळवायला सरासरी पाच-सहा सेकंद लागले. ८० जण आले तर सात-आठ मिनिटं, तीही कुणी अडलं नाही तर. दार ६:१० लाच उघडायचं आणि दारावर दोघं बसवायचे, एक यादी बघणार, दुसरा आत घेणार. 'अ‍ॅडमिट ऑल' (सगळ्यांना एकदम आत घ्या) हे बटण दाबायचं नाही, असं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पडद्याशेजारी चिकटवलं. ६:२८ ला बाहेर पन्नास जण ताटकळत असले की हात आपोआप त्या बटणाकडे जातो.

अनोळखी नाव असेल तर नाकारायच्या आधी प्रतीक्षा कक्षात निरोप पाठवायचा: 'कृपया नोंदणीच्या नावाने या, किंवा वाचनालयाच्या क्रमांकावर फोन करा.' खरा सभासद फोन करतो. आगंतुक दोन मिनिटांत कंटाळून दुसरीकडे जातो.

मीटिंगला कुलूप लावायचा विचार मात्र सोडून दिला. 'लॉक' केलं की नेटवर्क तुटून बाहेर पडलेला सभासदही परत येऊ शकत नाही, आणि तालुक्याच्या गावात संध्याकाळी दर दहा मिनिटांनी कुणी ना कुणी तुटतंच. दार बंद करण्यापेक्षा दाराशी माणूस बरा.

५ एप्रिल

घुसखोरीची रंगीत तालीम. दोघांना दोन फोन देऊन आत सोडलं आणि सांगितलं, गोंधळ घाला. त्यासाठी माइक, चॅट आणि पडद्याची परवानगी मुद्दाम उघडी ठेवली होती.

पहिल्या फेरीत पुरा पाऊण मिनिट गेला. प्रत्येकाला शोधून काढून टाकायचा प्रयत्न झाला, आणि एकाला काढेपर्यंत दुसऱ्यानं पडदा ताब्यात घेतला. टोळी आली की एकेकाला हुडकणं हाच सापळा असतो: ते दहा जण असतात आणि तुमचा माउस एक.

दुसऱ्या फेरीत थेट 'सस्पेंड पार्टिसिपंट अ‍ॅक्टिव्हिटीज' दाबलं. हे बटण होस्ट टूल्समध्ये अगदी खाली, लाल अक्षरांत असतं. ते दाबताच सगळ्यांचे माइक आणि कॅमेरे बंद, पडदा बंद, चॅट आणि मुद्रण (रेकॉर्डिंग) थांबलं, मीटिंगला कुलूप. आठ सेकंद. लगेच झूम विचारतं, कुणाची तक्रार करायची? नाव निवडलं की तो बाहेर जातो आणि तक्रार झूमकडे पोचते.

तालमीत निघालेल्या चुका: हे बटण व्याख्यात्यांनाही गप्प करतं, ते बिचारे बोलतच राहिले. त्यांना आधी सांगून ठेवायचं की सगळं शांत झालं तर थांबा, आम्ही माइक उघडून देतो. नंतर एकेक सोय हातानं परत चालू करावी लागते, त्यात मीटिंगचं कुलूप काढायचं राहून गेलं आणि बाहेर पडलेले चौघं बाहेरच अडकले. क्रम कागदावर लिहिला: थांबव, काढ, व्याख्यात्यांचा माइक, मुद्रण, कुलूप, पडदा. चॅट त्या दिवसापुरतं बंदच.

८ एप्रिल

माणसांची वाटणी. होस्ट वाचनालयाच्या संगणकावर. दोन दारवान को-होस्ट, त्यातला एक दुसऱ्या घरून, मोबाइल डेटावर. वाचनालयात लाईट गेली तर होस्टपण को-होस्टकडे जातं आणि मीटिंग चालू राहते. सूत्रसंचालकाला को-होस्ट केलेलं नाही. बोलणाऱ्याच्या हातात बटणं नकोत.

व्याख्यात्यांचा प्रश्न नाजूक होता. पडदा फक्त होस्टलाच उघडा आहे, म्हणजे स्लाइडसाठी त्यांना को-होस्ट करावं लागेल, आणि को-होस्ट झाले की 'अमुक आत येऊ पाहत आहेत' ही चौकट त्यांच्याही पडद्यावर उगवते. बोलण्याच्या भरात माणूस ती 'अ‍ॅडमिट' दाबून मोकळा होतो. म्हणून स्लाइड आदल्या दिवशी मागवून वाचनालयाच्या संगणकावरूनच दाखवायच्या. व्याख्याते 'पुढे' म्हणतील. जुनी मॅजिक लँटर्नची पद्धत, पण दार शाबूत राहतं.

होस्ट-की हा ६ अंकी आकडा कुणालाही सांगायचा नाही. तो ज्याच्याकडे असेल तो मीटिंगचा ताबा मागू शकतो.

११ एप्रिल

पुराव्याचं आणि तक्रारीचं टिपण. अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक रूपात प्रसारित करणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६७ खाली गुन्हा आहे, लैंगिक कृत्य दाखवणारं असेल तर ६७ अ, आणि लहान मुलांचं असेल तर ६७ ब. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात. वेळ, दिसलेलं नाव, कुठल्या नोंदणीच्या लिंकनं आला, हे लगेच लिहून ठेवायचं. उपस्थितीचा अहवाल झूमच्या पोर्टलवरून त्याच रात्री उतरवायचा.

६७ ब बद्दल एक सक्त सूचना: तसलं काही पडद्यावर आलंच तर त्याचा फोटो किंवा मुद्रण समितीच्या ग्रुपवर 'बघा काय झालं' म्हणून टाकायचं नाही. बाळगणं आणि पाठवणं हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे. मुद्रण असेल त्या यंत्रावर तसंच राहू द्यावं आणि पोलिसांना सांगावं.

१३ एप्रिल

पर्याय म्हणून गूगल मीट तपासलं. तिथला कोड १० अक्षरी असल्यानं चाचपून सापडणं जवळजवळ अशक्य. होस्ट मॅनेजमेंट चालू करून प्रवेश 'रिस्ट्रिक्टेड' ठेवला तर निमंत्रण नसलेल्याला दार ठोठवावं लागतं. छोट्या समिती बैठकींना हे पुरेसं, फुकटात ६० मिनिटं. इतक्या श्रोत्यांच्या व्याख्यानमालेला झूमच.

२२ एप्रिल

पहिलं व्याख्यान. दार ६:१०, शेवटचा नियमित श्रोता ६:३७ ला आत. बॉट तीन, तिन्ही परत. नोंदणीचे चार अर्ज दुपारी नाकारले, चौघांनीही गावाच्या रकान्यात एकच अक्षर टाकलं होतं. व्याख्यानानंतर पहिल्या प्रश्नाला माइक उघडायला वीस सेकंद गेले, कारण हात वर करणाऱ्याचं नाव यादीत खाली होतं. हात वर केलेले आपोआप वर सरकतात, पण ते पाहायला यादीची खिडकी उघडी ठेवावी लागते. उद्यापासून ती वेगळी करून बाजूला.

२४ एप्रिल

६:२० ला एका सभासदाचा फोन, आत येता येत नाही. त्यांची लिंक मुलानं चुलतभावाला दिली होती आणि तो आधीच आत बसला होता. अनेक यंत्रांची मुभा नसल्यानं खऱ्या मालकाचीच अडचण झाली, आणि त्यामुळेच फुटलेली लिंक लगेच समजली. जुनी नोंदणी रद्द, नव्या '+' पत्त्यावर नवी लिंक, दोन मिनिटांत काम झालं. चुलतभावाला यूट्यूबची लिंक दिली. त्याला ऐकायचंच होतं.

आणखी एक: यादी तपासताना दारवानाच्या संगणकावरून पडदा सुरू झाला असता तर सगळ्यांची नावं-गावं यूट्यूबवर गेली असती. यादी आणि स्लाइड एकाच यंत्रावर ठेवायच्या नाहीत.

२६ एप्रिल

पाचवं व्याख्यान. पडद्यावर कुणी नको ते दाखवलं, असं पाच दिवसांत एकदाही झालं नाही. दारावर एकूण अकरा अनोळखी नावं थांबवली, त्यातले सहा फोन करून रीतसर आत आले.

२८ एप्रिल

मालिका पोर्टलवरून काढून टाकली, म्हणजे उरलेल्या लिंकाही बंद. उपस्थितीचा अहवाल ठेवला, नावगावाची यादी दोन्ही संगणकांवरून आणि कचरापेटीतून पुसली. प्रो खात्याचं आपोआप नूतनीकरण बंद केलं. '+' पत्त्यांचं रजिस्टर कपाटात, गणपतीतल्या कार्यक्रमाला लागेल.